संध्याकाळची फेरी कोणी रद्द केली?

गावात एसटी पहिल्यांदा येते तेव्हा सोहळा असतो. गाडीच्या तोंडाला केळीचे खुंट बांधतात, काचेवर झेंडूचा हार चढतो, पुढच्या चाकाशी नारळ फुटतो, चालक-वाहकाला टोपी, उपरणे आणि श्रीफळ मिळते, सरपंच पहिले तिकीट काढतात आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा आवृत्तीत फोटो येतो. तीच फेरी बंद होते तेव्हा काहीच होत नाही. फलक लागत नाही, ग्रामपंचायतीला पत्र येत नाही. सोमवारी गाडी आली नाही, मंगळवारीही आली नाही. कोणी डेपोत विचारले तर कंट्रोलर सांगतो, गाडी ब्रेकडाऊन आहे, ड्रायव्हर रजेवर आहे, वरून आदेश आला की सोडू. महिना-दोन महिने वाट बघून लोक आपापली सोय लावतात. वर्षभराने आगाराच्या वेळापत्रकातून ती ओळच गेलेली असते. का गेली म्हणून विचारावे तर उत्तर तयार असते: भारमान नव्हते.

ही बंद पडलेली फेरी बहुधा संध्याकाळची असते, किंवा मुक्कामाची. सकाळची एखादी गाडी टिकते, कारण तिला शाळा-कॉलेजची गर्दी असते. पण जायला गाडी आणि यायला नाही अशी सोय कोणाच्या कामाची? मग सकाळचीही गर्दी ओसरते, आणि तीही फेरी जाते.

याला आपण काळाचा महिमा म्हणतो. घरोघरी मोटारसायकल आली, नाक्यानाक्यावर वडाप आले, एसटी मागे पडली, असे सांगितले जाते. यात खोटे काही नाही, पण खरे फार थोडे आहे. एसटीचा इतिहास सलग वाचला तर दिसते ते वेगळेच. खेड्यातली फेरी अलीकडे तोट्यात गेली असे नाही. ती पहिल्या दिवसापासून तोट्यातच होती आणि तोट्यात राहणार हे धरूनच सुरू झाली होती. तो तोटा ज्या हिशेबात बसत होता, तो हिशेब सरकारने आणि महामंडळाने मिळून मोडला.

एसटीच्या आधी रस्त्यावर खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. गाडी भरेल तेव्हा सुटायची, भाडे माणूस बघून ठरायचे. ज्या रस्त्यावर उतारू त्या रस्त्यावर मालकांची चढाओढ, आणि बाकीचा मुलूख पायी. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने आणि भाड्याचे दर यांना काही शिस्त लावली, पण परवाना दिला म्हणून कोणी मालक आडगावाला गाडी नेत नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले, गाड्या कोळशाच्या गॅसवर रखडू लागल्या आणि ही व्यवस्था आणखी खिळखिळी झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे संस्थानाच्या रेल्वेनेच १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतुकीचे खाते काढले होते. सरकारने बस चालवायची असते हा विचार या भूमीला नवा नव्हता, असे म्हणायला ही नोंद पुरेशी आहे.

१ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या सरकारी वाहतुकीची पहिली गाडी नगरहून पुण्याला निघाली. दोन वर्षांनी, १९५० मध्ये, संसदेने रस्ते वाहतूक महामंडळ कायदा केला. राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्याची आणि विदर्भाची सरकारी बससेवा मुंबई राज्याच्या सेवेत मिळाली, गुजरात वेगळे झाले, आणि १९६१ साली आजचे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. दरम्यान मोटार वाहन कायद्यातल्या १९५६ च्या दुरुस्तीने मार्गांच्या राष्ट्रीयीकरणाची वाट मोकळी झाली होती. एकेक जिल्हा, एकेक रस्ता खासगी मालकांकडून एसटीकडे येत गेला. १९७४ पर्यंत हे काम संपले.

या राष्ट्रीयीकरणाला खासगी मोटारमालकांचा विरोध होता, आणि त्यांचा मुद्दा हास्यास्पद नव्हता. तुम्हाला खेड्यात गाड्या न्यायच्या आहेत ना, मग न्या, आमचे चालते रस्ते कशाला घेता, असे ते विचारत. याचे उत्तरच एसटीचे अर्थशास्त्र आहे. मुंबई-पुणे, पुणे-नाशिक, पुणे-कोल्हापूर या रस्त्यांनी कमवायचे आणि सुरगाणा, धडगाव, वेल्हे, पाटण, शाहूवाडी, जिवती अशा तालुक्यांतल्या फेऱ्यांनी खायचे. मुंबईत गिरणीत असलेल्या भावाच्या मनीऑर्डरवर गावाकडची चूल पेटावी, तसा हा जमाखर्च होता. तिकीट सहा किलोमीटरच्या टप्प्याला ठरलेले. मग तो टप्पा हमरस्त्यावरचा असो की टायर फाडणाऱ्या घाटातला. डिझेल कुठे जास्त जळते, स्प्रिंगपाटे कुठे तुटतात हे डेपोतल्या मेकॅनिकला माहीत होते, पण त्याची किंमत त्या गावच्या माणसाकडून वसूल केली जात नव्हती.

१९५० च्या कायद्यातच एक पेच आहे, आणि पुढच्या सत्तर वर्षांचे भांडण त्यातून निघाले. कलम १८ म्हणते की महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट समन्वय असलेली वाहतूक सेवा द्यावी. कलम २२ म्हणते की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर करावा. पुरेशी सेवा आणि व्यापारी तत्त्व ही दोन्ही एकाच घरात नांदतात, पण कमावते रस्ते हातात असतील तोवरच. ते गेले की दोन कलमांतले एक निवडावे लागते. महाराष्ट्राने कोणते निवडले ते कधी जाहीर सांगितले नाही, एवढेच.

कमावते रस्ते हातात होते त्या पंचवीस-तीस वर्षांत काय झाले ते आकड्यांत पकडणे अवघड आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून लोकांनी जे रस्ते केले, त्यातल्या अनेकांवर पुढे एसटी धावली. 'रस्ता तिथे एसटी' ही घोषणा होती, आणि सरकारी घोषणांच्या मानाने ती बरीच खरी ठरली. संध्याकाळी मुक्कामाची गाडी यायची. चालक-वाहक देवळात किंवा गाडीतच झोपायचे, गावातून त्यांना भाकरी यायची, आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघायची. या एका गाडीमुळे कोर्टाची तारीख गाठता येई, दवाखान्यात नंबर लावता येई, बाजाराला माळवे नेता येई आणि रात्री आपल्याच अंथरुणावर पाठ टेकता येई. वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि टपालाची थैली याच गाडीने यायची. तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या पोरांचे डबे सकाळच्या गाडीत ठेवले जायचे. डब्यावर रंगाने नाव लिहिलेले असे, आणि रिकामा डबा परतीच्या गाडीने गावी येई. त्या डब्यांवर शिकलेली माणसे आज मंत्रालयापासून साखर कारखान्यांपर्यंत सगळीकडे आहेत.

एसटीच्या आठवणींनी गहिवरून लिहिण्याची एक साथ आपल्याकडे अधूनमधून येते, आणि गहिवरणारे बहुतेक जण आता स्वतःच्या मोटारीने गावी जातात. तेव्हा हेही लिहून ठेवायला हवे की गाडी वेळेवर क्वचितच यायची, खिडक्या खडखडायच्या, पावसात छत गळायचे, आणि उभ्याने प्रवास करणाऱ्या बाईशी वाहक नेहमीच सौजन्याने वागत असे असे नाही. ती सेवा चांगली होती असा दावा नाही. ती होती, आणि उद्याही असेल याची खात्री होती. माणसे मुलीला पुढच्या इयत्तेत घालायची की नाही हे अशा खात्रीवर ठरवतात.

हिशेब मोडायला सुरुवात झाली १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्यानंतर. परवान्यांचे धोरण सैल झाले. कंत्राटी वाहतुकीचा परवाना म्हणजे ठरलेल्या मंडळींना ठरलेल्या ठिकाणी नेणे. वाटेत थांबे घेऊन सुटी तिकिटे विकणे त्यात बसत नाही. प्रत्यक्षात नव्वदीपासून पुणे-मुंबईपासून नागपूर-पुण्यापर्यंतच्या प्रत्येक कमावत्या मार्गावर 'ट्रॅव्हल्स' उभ्या राहिल्या. एसटी स्थानकापासून २०० मीटरच्या आत खासगी गाडी उभी करायची नाही असा नियम आहे. कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी संध्याकाळी स्थानकाबाहेर उभे राहून तो नियम कसा पाळला जातो ते पाहावे. या व्यवसायात राजकारणातली किती माणसे आहेत हे गावागावात ठाऊक आहे, म्हणून त्याची चर्चा होत नाही.

दुसऱ्या टोकाला, तालुका ते गाव या आखूड रस्त्यांवर, पश्चिम महाराष्ट्रात वडाप आले, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी आली, मग सहा आसनी, मग मॅजिक. जीपवाल्यांवर राग धरण्यात अर्थ नाही. बहुतेक जण कर्ज काढून गाडी घेतलेली गावातलीच पोरे आहेत, आणि अडल्यानडल्याला रात्री-अपरात्री तीच धावतात. पण जीप बाजाराच्या दिवशी दहा फेऱ्या मारते आणि बुधवारी दुपारी एकही नाही. माणसे भरल्याशिवाय ती हलत नाही, टपावर आणि मागच्या फळीवर बसलेल्यांचा विमा नसतो, आणि अपंगाची, विद्यार्थ्याची, म्हाताऱ्याची कोणतीच सवलत तिथे चालत नाही. १९४८ पूर्वीची सर्व्हिस मोटार वेगळ्या रंगात परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

मधल्या काळात सरकारने काय केले? एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत राहिले, जो देशातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी आहे. खासगी गाडी बैठकीमागे वर्षाचा कर भरून मोकळी होते. एसटी मात्र खेड्यातल्या बाईने काढलेल्या प्रत्येक तिकिटातून सरकारला वाटा देते. दुसरीकडे विद्यार्थी, ज्येष्ठ, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार अशा अनेक गटांना सवलती सरकारने जाहीर करायच्या आणि त्यांची भरपाई महामंडळाने मागत बसायची. एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने उशिरा द्यायचे, या व्यवहाराला नंतर 'एसटीला सरकारची मदत' असे नाव पडते. जून २०२५ मध्ये सरकारने महामंडळावर श्वेतपत्रिका काढली, तेव्हा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेला होता.

महामंडळही निर्दोष नाही. २०१७ पासून वातानुकूलित 'शिवशाही'चा थाट मांडला गेला, त्यात भाड्याच्या गाड्याही घेतल्या. शहरे जोडणाऱ्या मार्गांवर ट्रॅव्हल्सशी स्पर्धा करायची ही त्यामागची कल्पना होती. त्याच वर्षांत साधी लाल गाडी म्हातारी होत होती, आणि एखाद्या आगारात गाडी कमी पडली की ओढून काढली जाणारी गाडी नेहमी गावाकडची असे.

मग मार्च २०२० आला. करोनाच्या टाळेबंदीत गाड्या उभ्या राहिल्या. मे महिन्यात जिल्ह्यांतर्गत आणि ऑगस्टमध्ये जिल्ह्याबाहेरची वाहतूक सुरू झाली, पण शाळाच बंद असल्याने गावाकडच्या फेऱ्यांना कोणी हात लावला नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचे आंदोलन पेटले आणि नोव्हेंबरात राज्यभरचे सुमारे २५० आगार ठप्प झाले. मागणी महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची होती. आंध्र प्रदेशाने १ जानेवारी २०२० पासून आपले बस कर्मचारी सरकारी सेवेत घेतले होते, आणि तुटपुंज्या, तीही वेळेवर न मिळणाऱ्या पगारावर जगणाऱ्या माणसांना ते उदाहरण दिसत होते. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले आणि संप संपला. दोन वर्षांत अधूनमधून थोडे दिवस सोडले तर खेड्यातल्या पोरांनी शाळेची गाडी पाहिलीच नव्हती.

खरी कात्री इथे लागली. साथीपूर्वी एसटीकडे अठरा हजारांच्या वर गाड्या होत्या, नंतर त्या पंधरा हजारांच्या आसपास आल्या. जुन्या भंगारात गेल्या, नव्या वेळेवर आल्या नाहीत. २०२३ मध्ये विजेवरच्या ५,१५० गाड्या भाड्याने घेण्याचा करार झाला. त्या इतक्या संथपणे आल्या की पुढे तो करारच वादात सापडला. हातात गाड्या कमी, अशा स्थितीत आगारप्रमुखाने नव्याने वेळापत्रक मांडायला घेतले तर तो किलोमीटरमागे जास्त पैसे देणाऱ्या मार्गांपासून सुरुवात करणार. यादीच्या तळाशी पोचेपर्यंत गाड्या संपतात. करोनाकाळात तात्पुरत्या थांबवलेल्या कितीतरी फेऱ्या अशा रीतीने, कोणीही त्या बंद करण्याचा निर्णय न घेता, बंद झाल्या.

आता भारमानाविषयी. गाडीतल्या किती टक्के जागांचे पैसे मिळाले हे मोजणारा हा आकडा आहे, आणि मार्ग चालू ठेवायचा की नाही यावर त्याची छाप असते. गावाकडून सकाळी तालुक्याला जाणारी गाडी गच्च भरते, पण त्याच वेळी तालुक्याहून गावाकडे कोण जाणार? म्हणजे येण्या-जाण्याची सरासरी काढली की निम्म्यावर घसरली. शिवाय त्या गच्च गाडीत पासवाले विद्यार्थी, ज्यांना दोन तृतीयांश सवलत आहे, आणि मोफत पासवर शिकणाऱ्या मुली. पाय ठेवायला जागा नाही, तरी उत्पन्न नाही. ज्या फेरीने सर्वांत जास्त काम केले तीच कागदावर सर्वांत नालायक दिसते. वर ती फेरी चारदा रद्द झाली की पाचव्या दिवशी लोक थांबत नाहीत, जीपने जातात. भारमान आणखी पडते, आणि आगाराला आपल्या निर्णयाचा पुरावा मिळतो.

यात कोण अडकले ते नीट पाहिले पाहिजे. गावातल्या कर्त्या पुरुषाकडे मोटारसायकल आली. तो तालुक्याला, पंचायत समितीत, बाजार समितीत स्वतःच्या सोयीने जातो. पूर्वी एसटी चुकली की तोच डेपोत जाऊन भांडायचा, रास्ता रोको करायचा, आमदाराला गाठायचा. आता त्याला एसटीची गरज उरली नाही आणि एसटीसाठी भांडणारा गेला. उरल्या त्या शाळकरी मुली, माहेरी-दवाखान्यात निघालेल्या बाया, निराधार योजनेचे पैसे काढायला बँकेत जाणारी म्हातारी माणसे, आणि ज्यांच्याकडे गाडी घ्यायची ऐपत नाही ते मजूर. ग्रामसभेत यांतले कोण उठून बोलते?

मुलीचा प्रश्न तर उघड आहे. मुलगा मित्राच्या मागे बसून जातो, वाटेत कोणाला हात करतो, सायकल रेटतो. मुलीला अनोळखी जीपमध्ये संध्याकाळी बसवायला आईवडील तयार नसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. गावात सातवीपर्यंत शाळा असेल तर तिचे शिक्षण सातवीला थांबते, दहावीपर्यंत असेल तर दहावीला. पुढे लग्नाचा विषय निघतो. या घटनेची नोंद शिक्षण खात्याकडे 'गळती' म्हणून होते. एसटीच्या कागदात ती 'फेरी रद्द' एवढीच असते. दोन्ही कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मुले एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आणला. त्यात मुलांना नेआण करण्याचे गृहीत होते. गावातली शाळा उचलायची योजना एका मंत्रालयात, आणि गावातली गाडी उचलण्याचे काम दुसऱ्यात.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला होता. या दोन्ही योजना चांगल्या आहेत. एसटीत बायकांची गर्दी वाढली, हे डोळ्यांना दिसते. पण जिथे गाडीच येत नाही तिथल्या बाईला सवलत कशाची? ती जीपला पूर्ण भाडे देते. म्हणजे पुणे-सातारा प्रवास करणाऱ्या नोकरदार महिलेला सरकार निम्मे पैसे देते, आणि डोंगरातल्या वाडीवरच्या शेतमजूर बाईला काहीच नाही. कोणाला हे हेतुपुरस्सर करायचे नव्हते. मात्र सवलत जाहीर करताना गाड्या मोजल्या नाहीत, हे खरे.

गाड्या गावांकडून काढायला निमित्तेही कमी नाहीत. आषाढीला पंढरपूर, गणपतीला कोकण. ही निमित्ते समजण्यासारखी आहेत, आणि दोन्हीकडे जाणाऱ्यांत खेड्यातलीच माणसे असतात. पण २०२३ मध्ये 'शासन आपल्या दारी' या कार्यक्रमाला लोकांना आणण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आगारांच्या गाड्या नेल्या गेल्या, आणि त्या दिवशी गावोगावचे प्रवासी थांब्यावर ताटकळत राहिले. शासन दारी यावे म्हणून दारातली गाडी नेण्याचा हा विनोद करायला एखादा नाटककार लागला असता. आपल्याकडे परिपत्रकाने झाला.

एसटी बंदच करून टाकली तर काय होते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. मध्य प्रदेशाने २००५ साली आपले परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय घेतला. नागपूर, अमरावती, जळगावच्या सीमेवरच्या लोकांना तिकडची वाहतूक ठाऊक आहे: मोठ्या रस्त्यांवर खासगी गाड्यांची रेलचेल, आतल्या गावांना जे मिळेल ते. वीस वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने सरकारी देखरेखीखाली बससेवा पुन्हा उभी करण्याच्या 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' योजनेला मंजुरी दिली. खासगीकरणाची वकिली करणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा; दुसऱ्याच्या खर्चाने झालेला आहे.

आणि बस म्हणजे काय हे आपल्या सरकारला कळत नाही असेही नाही. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात गेले आणि गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या मार्गावरच्या एसटीचे उद्घाटन केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या काटेझरीत, छत्तीसगडच्या सीमेवर, पहिल्यांदा एसटी पोचली तेव्हा गावाने वाजतगाजत तिचे स्वागत केले. नक्षलग्रस्त मुलखात बस पोचणे म्हणजे राज्य पोचणे, असे पोलीस, मंत्री आणि वृत्तपत्रे सगळ्यांनी एका सुरात सांगितले. बरोबरच सांगितले. त्या मार्गाचे भारमान किती, असे त्या दिवशी कोणी विचारले नाही, आणि विचारू नये. पण बस येणे म्हणजे राज्य येणे असेल, तर पाटण किंवा पेठ तालुक्यातल्या एखाद्या वाडीची बस जाते तेव्हा काय जाते? तिथे बंदूक नाही, म्हणून तो प्रश्न कोणाला पडत नाही.

उपाय फार गहन नाहीत. खेड्यातली सेवा ही महामंडळाच्या नफ्यातोट्यातून बाहेर काढून राज्याने उघडपणे विकत घ्यावी: प्रत्येक गावाला, लोकसंख्या कितीही असो, शाळेच्या वेळेची एक सकाळची आणि एक संध्याकाळची फेरी, आणि तिचा किलोमीटरमागचा खर्च अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीवर. असे आपण करून पाहिलेही आहे. मानव विकास कार्यक्रमात २२ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या दिल्या गेल्या. पैसा त्या कार्यक्रमाचा, गाडी चालवणार एसटी. ती पद्धत उरलेल्या तालुक्यांना आणि मुलींखेरीज इतरांनाही लावता येते. पंचेचाळीस आसनांची गाडी परवडत नसेल तिथे वीस आसनांची न्यावी. प्रवासी कराचा पैसा राज्याच्या तिजोरीत जिरण्याऐवजी याच ओळीवर वळवावा. आणि कायद्यात किंवा निदान महामंडळाच्या नियमांत एवढे घालावे की ग्रामसभेला लेखी कळवल्याशिवाय आणि तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणतीही फेरी तीस दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येणार नाही. यात कोणी म्हणेल, खर्च वाढेल. वाढेलच. आजही तो खर्च होतोच आहे. मुलीच्या सुटलेल्या वर्षांतून, जीपच्या दुप्पट भाड्यातून आणि बाळंतिणीला अवेळी करावा लागणाऱ्या स्पेशल गाडीतून तो निघतो. तो राज्याच्या वहीत दिसत नाही इतकेच.

सरकार हे आपणहून करेल अशी आशा या लेखकाला नाही. एसटी गावात आली तीही मागून, भांडून, खडी फोडून आली. वर्षातून चार ग्रामसभा होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पुढची जी येईल तिच्यात एकच विषय घ्या: मार्च २०२० पूर्वी आपल्या गावाला किती फेऱ्या होत्या, आज किती आहेत, आणि मधल्या कोणत्या आदेशाने कमी झाल्या. ठराव लिहा, आगारप्रमुखाकडे द्या, पोच घ्या. मोटारसायकल असलेल्यांनी त्या दिवशी जरूर यावे आणि शाळेतल्या मुलींना बोलू द्यावे. उत्तर नाही आले तर तोच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतो. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे.